मताची जागल

वऱ्हाडात ज्वारी हुरड्यावर आली, हरभऱ्याला घाटे धरले, की रात्री घरातलं कुणीतरी शेतात जागलीला जातं. रोह्यांचा कळप शिरला, रानडुकरं आली, तर महिन्यांची मेहनत एका रात्रीत आडवी होते. जागल करणारा पीक पेरत नाही की कापत नाही. तो जागा राहतो, चाहूल ओळखतो आणि वेळेवर हाळी देतो. निवडणुकीच्या काळात मानवी हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं कामही असंच असतं. तो मत देत नाही, मागत नाही, मोजत नाही. प्रत्येकाला स्वतःचं मत निर्भयपणे देता आलं की नाही, एवढंच तो पाहतो आणि लिहून ठेवतो.

हे काम समजून घ्यायला पिंपळगाव राजासारखं गाव डोळ्यांसमोर ठेवू. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन मुलूख मानतात. खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव राजा हे घाटाखालचं, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं गाव. इथं स्वतंत्र पोलीस ठाणं आहे, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतल्या तक्रारी इथंच येतात.

बुलढाणा लोकसभा मतदारसंघात २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झालं. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने मतदान यंत्रांविषयीचा निकाल दिला. मतदाराला चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात किंवा कागदी मतपत्रिका परत आणाव्यात, या मागण्या फेटाळल्या गेल्या. देशभर चर्चा झाली ती यंत्राची. पण हक्क हिरावला जायचा असेल, तर बहुतेकदा तो यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच हिरावला जातो. यादीतून नाव जातं, ठेकेदार सुट्टी देत नाही, गल्लीत निरोप फिरतो. कधी तो यंत्रानंतरही हिरावला जातो, निकाल लागल्यावर एखाद्या वस्तीला धडा शिकवला जातो तेव्हा. या प्रकरणात आपण यंत्राच्या अलीकडची आणि पलीकडची ही वाट चालणार आहोत.

हा हक्क नेमका कोणता?

१९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे इंग्रजी शब्द होते. ते बदलून ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत, यासाठी आग्रह धरला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. जाहीरनाम्याचं एकविसावं कलम सांगतं, की सत्तेला आधार लोकेच्छेचा असेल आणि ती इच्छा ठरावीक काळाने होणाऱ्या खऱ्या, गुप्त मतदानाच्या निवडणुकांतून व्यक्त होईल. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पंचविसाव्या कलमातही हेच आहे, आणि भारत त्या करारात १९७९ साली सामील झाला.

ही भाषा गावात आणली तर तीन प्रश्न उरतात. यादीत नाव आहे का? केंद्रापर्यंत निर्भयपणे जाता येतं का? कोणाला मत दिलं हे कुणालाही कळणार नाही, याची खात्री आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच तो हक्क पुरा होतो. पक्षाचा पोलिंग एजंट आपल्या बाजूची मतं सांभाळतो, आणि ते त्याचं रास्त काम आहे. हक्कांची जागल करणाऱ्याला मात्र बाजू नसते. जे उमेदवार त्याला स्वतःला नकोसे वाटतात, त्यांच्या मतदाराची वाट अडवली गेली तरी त्याने तितक्याच तत्परतेने हाळी द्यायची असते.

सासवडच्या न्यायमूर्तींची सूचना

आपल्याकडे हा विचार नीट मांडला गेला त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. विठ्ठल महादेव तारकुंडे यांचा जन्म १९०९ साली पुणे जिल्ह्यातल्या सासवडचा. १९५७ ते १९६९ ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ या संघटनेतर्फे निवडणूक सुधारणांसाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद तारकुंड्यांकडे दिलं. १९७५ च्या सुरुवातीला समितीने अहवाल दिला. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणावं, ही तिची शिफारस १९८९ मध्ये प्रत्यक्षात आली. तिची दुसरी शिफारस फारशी कुणाच्या ध्यानात राहिली नाही. मतदारसंघांमध्ये पक्षांपासून अलग अशा मतदार परिषदा असाव्यात आणि निवडणूक मुक्त व न्याय्य होते की नाही यावर त्यांनी लक्ष ठेवावं, असं समितीने सुचवलं होतं.

अहवाल आला त्याच वर्षी आणीबाणी लागली. १९७६ मध्ये जयप्रकाश आणि तारकुंडे यांच्या पुढाकाराने जी नागरी हक्कांची संघटना उभी राहिली, ती पुढे पीयूसीएल म्हणून ओळखली जाऊ लागली. २००४ साली, तारकुंडे गेले त्याच वर्षी, ही संघटना मताच्या गुप्ततेचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. एकही उमेदवार पसंत नसेल तर तशी नोंद तेव्हा केंद्राधिकाऱ्यापुढे, सगळ्यांदेखत करावी लागे. २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण यंत्रावर आलं. आज ते बटण बहुतेकांना रागाचं वाटतं, पण त्याचा पाया गुप्ततेचा आहे. नकार देणाऱ्यालाही आडोशाचा हक्क आहे, असं न्यायालयाने मान्य केलं.

मतदार परिषदेसारखी कल्पना किती दूर जाऊ शकते, हे फिलिपिन्समध्ये दिसलं. तिथं १९८३ मध्ये नामफ्रेल ही नागरिकांची संघटना स्थापन झाली. ७ फेब्रुवारी १९८६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिचे लाखो स्वयंसेवक मतदान केंद्रांवर होते आणि त्यांनी केंद्राकेंद्राचे आकडे गोळा करून समांतर मोजणी केली. सरकारी मोजणीच्या संगणकांवर काम करणारे काही तंत्रज्ञ तर आकड्यांत फेरफार होतोय असं म्हणत कामावरून उठून गेले. महिना संपायच्या आत सत्तेवरचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांना देश सोडावा लागला. रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या धैर्याला त्या वेळी लेखी आकड्यांचा आधार होता.

पहिली राखण यादीची

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. याद्या करताना असं आढळलं, की अनेक बायका स्वतःचं नाव सांगायला तयार नाहीत. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच त्यांची ओळख यादीत लिहिली गेली होती. सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला. जवळजवळ ८ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख जणी त्यामुळे यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता. पण बाईला स्वतःच्या नावानेच मतदार व्हावं लागेल, हा दंडक त्यातून पडला आणि पुढच्या निवडणुकांत त्या नावांनिशी आल्या.

नावं गळण्याचं दुखणं मात्र संपलं नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्या-मुंबईतल्या असंख्य लोकांना मतदानाच्या दिवशी कळलं, की आपलं नाव यादीत नाही. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. उलट बाजूचा धडा चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघाचा आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथं नव्या नोंदणीसाठी आलेल्या ७,७९२ अर्जांपैकी ६,८६१ अवैध ठरवून नाकारले गेले, असं निवडणूक यंत्रणेने सांगितलं, आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. खऱ्या माणसाचं नाव जाणं आणि खोटं नाव येणं, दोन्हींमुळे मताची किंमत उतरते. बुलढाणा विधानसभा मतदारसंघाचा २०२४ चा निकाल अवघ्या ८४१ मतांच्या फरकाने लागला. एवढी नावं दोन-तीन वस्त्यांत सहज भरतात.

म्हणून जागल आचारसंहिता लागायच्या आधी, मतदार यादीचं प्रारूप प्रसिद्ध होतं तेव्हाच सुरू करायची. पिंपळगाव राजात चार जण मिळून हे करू शकतात. यादीचा एकेक भाग घ्यायचा आणि गल्लोगल्ली फिरून माणसं जुळवायची. विशेष लक्ष द्यायचं ते नव्याने नांदायला आलेल्या सुना, नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलं, पुण्या-मुंबईला किंवा सुरतेला कामाला गेलेले मजूर, पालावर राहणारी भटकी कुटुंबं, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्ती यांच्याकडे. पत्ता कागदावर नसला तरी माणूस राहतो हे खरं असतं, आणि घर नसणाऱ्यालाही मतदार होता येतं.

नोंदणीचा अर्ज नमुना ६, दुरुस्तीचा नमुना ८ आणि नाव वगळण्याविषयीचा नमुना ७. यांतला नमुना ७ बारकाईने पाहावा. एकाच वस्तीतल्या पुष्कळ नावांविरुद्ध एकाच माणसाचे अर्ज आले असतील, तर ती चाहूल आहे. मग बीएलओला, म्हणजे यादीचं काम पाहणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, भेटायचं. गावात हे काम बहुतेकदा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक करतात. त्यांच्यावर राग काढून उपयोग नसतो. आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या त्या बाईला वस्तीची तपासलेली यादी हातात दिली, तर अर्धं काम तिथंच होतं.

आवाज न करणारी दहशत

निवडणुकीतली हिंसा म्हटलं की आपल्याला दगडफेक आठवते, किंवा गडचिरोली आठवते. तिथं नक्षलवाद्यांच्या बहिष्काराच्या धमक्यांमुळे संवेदनशील भागांत २०२४ मध्येही मतदान दुपारी तीनलाच संपवावं लागलं. पण घाटाखालच्या गावात भीती इतकी उघड वावरत नाही. ठेकेदाराची उचल घेतलेल्या मजुराला एवढंच सांगितलं जातं, की ‘पुढच्या हंगामाचं पाहू’. घरकुलाच्या यादीचा विषय निघतो. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीची आठवण करून दिली जाते. जातपंचायतीची बैठक बसते. यातलं काहीही पोलीस ठाण्याच्या डायरीत येत नाही, आणि तरीही माणसाचा हात बटणापाशी थरथरतो.

कायद्याने ही भीती ओळखलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ मध्ये ‘गैरवाजवी दडपण’ हे भ्रष्ट आचरण मानलं आहे. सामाजिक बहिष्काराची किंवा जातीबाहेर काढण्याची धमकी त्यात येते, आणि देवाचा कोप होईल असं सांगणंही येतं. महाराष्ट्राने तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मत देण्यापासून रोखणं, ठरावीक उमेदवारालाच मत द्यायला भाग पाडणं किंवा उमेदवारी भरू न देणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

पैशाबद्दलही नीट बोललं पाहिजे. गावात पैसेवाटपाला ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात. या गोड शब्दाने लाच सणासारखी वाटू लागते. लाच देणारा गुन्हेगार असतो आणि कायद्याने घेणाराही. पण जागल करणाऱ्याने पाकीट घेणाऱ्या बाईचा चेहरा टिपायचा नसतो. तिने नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे विचारायचं असतं. आचारसंहितेच्या भंगाचं छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवण्यासाठी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल हे मोबाईल अॅप आहे, आणि तक्रारीचा निपटारा १०० मिनिटांत व्हावा असा त्याचा नियम आहे. १९५० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आहे.

ग्रामपंचायतीच्या वेळी दडपणाचं एक प्रतिष्ठित रूप दिसतं, ते म्हणजे बिनविरोध निवडणूक. खरंच एकोपा असेल तर ती चांगली गोष्ट आहे. पण २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं सरपंचपदाचा आणि सदस्यपदांचा लिलाव झाल्याचं उघडकीला आलं. उमराण्यातली बोली २ कोटींच्या वर गेली होती, खोंडामळीतली ४२ लाखांवर. पैसा गावच्या मंदिरासारख्या कामाला जाणार, असं समर्थन होतं. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही निवडणुका रद्द केल्या. ज्याच्याकडे बोलीएवढा पैसा नाही त्याचा उभं राहण्याचा हक्क त्या लिलावात गेला, आणि बाकी सगळ्यांचा निवडण्याचा. ‘बिनविरोध’ असा शब्द कानावर आला की एक प्रश्न विचारावा: कुणाला अर्ज भरायचा होता, आणि त्याने का भरला नाही?

मतदानाचा दिवस

मतदान केंद्रात कुणी जायचं हे १९६१ च्या निवडणूक नियमांत ठरलेलं आहे. मतदार, कर्मचारी, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी, आयोगाने अधिकार दिलेल्या व्यक्ती, आईच्या कडेवरचं मूल, अंध किंवा अशक्त मतदाराचा सोबती. स्वयंसेवी निरीक्षकाला आयोगाच्या परवानगीशिवाय आत जागा नाही. त्यामुळे त्याने शंभर मीटरच्या रेषेबाहेर थांबायचं, आणि तिथूनही पुष्कळ दिसतं.

बायकांची रांग सरकतेय का? विदर्भात एप्रिलच्या उन्हात लोक उभे आहेत, तर सावली आणि पाणी आहे का? चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का? ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ज्यांनी घरून मतदानासाठी अर्ज भरला होता, त्यांच्याकडे पथक आलं होतं का? एकच माणूस पुन्हा पुन्हा ‘सोबती’ म्हणून आत जातोय का? नियमाप्रमाणे त्याला दिवसभरात एकाच मतदाराला सोबत करता येते. मजुरांना पगारी सुट्टी मिळाली का? ती कायद्याने मिळायला हवी.

सगळ्यात महत्त्वाचा असतो मत न देता परतणारा माणूस. त्याला थांबवून विचारायचं, ‘काका, काय झालं?’ ओळखपत्र नाही म्हणून परत पाठवलं असेल, तर रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुकही चालतं. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय असं सांगितलं असेल, तर हताश होऊन घरी जायची गरज नाही. ओळख पटल्यावर त्या माणसाला मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देण्याचा हक्क आहे. वेळ संपताना रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं आणि त्यासाठी चिठ्ठ्या वाटल्या जातात. ही एवढी माहिती वेळेवर मिळाली तर दिवसभरात कितीतरी मतं वाचतात.

सातपुड्याच्या कुशीत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. जळगाव जामोद तालुक्यातल्या भिंगारा, गोमाल, चाळीसटापरी या आदिवासी वस्त्यांतल्या लोकांनी रस्ता, वीज, पाणी नाही म्हणून मध्य प्रदेशात जाऊ द्या अशी मागणी केली होती. तिथं मतदानाचा टक्का घसरला तर त्याला ‘उदासीनता’ म्हणणं अन्याय होईल. आणि काही माणसांना तर केंद्रावर येताच येत नाही. कलम ६२(५) नुसार तुरुंगातल्या कैद्याला मताधिकार नाही. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. तोही लोकशाहीच्या हिशेबातला प्रश्न आहे.

नोंद कशी लिहायची

जागल करणाऱ्याचं खरं हत्यार वही असते. ‘मतदारांना धमकावलं’ हे वाक्य कुठल्याच कार्यालयात टिकत नाही. कधी, किती वाजता, कोणत्या केंद्राजवळ, कोण कोणाला नेमकं काय म्हणालं, ऐकायला आणखी कोण होतं, आणि पुढे काय झालं, हे लिहिलं तर ते टिकतं. वहीत तीन रकाने ठेवावेत. पहिला स्वतः पाहिल्याचा, दुसरा ज्याच्यावर बेतलं त्याने सांगितल्याचा, तिसरा ‘लोक म्हणतात’ याचा. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पडताळल्याशिवाय पहिल्या दोहोंत जाता कामा नये. चांगलं घडलेलंही लिहावं. केंद्राधिकाऱ्याने म्हाताऱ्या आजीला रांगेतून पुढे घेतलं असेल, तर तेही त्या दिवसाचं सत्य आहे. ते लिहिलं म्हणजे तक्रारीलाही वजन येतं.

सांगणाऱ्याला इजा होऊ नये, हा या कामाचा पहिला नियम आहे. त्याची संमती घ्यायची, नाव लिहू का हे विचारायचं, आणि नको म्हणाला तर लिहायचं नाही. पिंपळगाव राजासारख्या ठिकाणी नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. ‘तिसऱ्या गल्लीतली विधवा बाई’ एवढं लिहिलं तरी गावाला कळतं. कुणाला मत दिलं हे कधीही विचारायचं नाही, सहजसुद्धा नाही. ज्या गुप्ततेची राखण करायला आपण उभे आहोत, ती आपल्याच प्रश्नाने मोडायची नसते.

पीक घरी आल्यावर

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष एकूण मतांचा हिशेब नमुना १७-क मध्ये लिहितो आणि त्याची प्रत उपस्थित पोलिंग एजंटांना मिळते. ती प्रत जपून ठेवावी, म्हणजे मोजणीच्या दिवशी आकडा ताडून पाहता येतो. निकालाला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका करावी लागते.

इतकं झाल्यावर बहुतेक जण वही मिटतात. खरं तर पुढचे काही आठवडे नाजूक असतात. पूर्वी काही ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळू लागला. कुठल्या वस्तीने कुणाला किती मतं दिली हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक होतं. माणसाची गुप्तता राहते, वस्तीची जाते. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं आणि विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला. ती सुधारणा अजून आलेली नाही.

तोवर वस्तीत जाऊन पाहणं हाच उपाय उरतो. नळाला पाणी येतंय का, टँकर वळवला का, मजुरांना कामावर बोलावणं बंद झालं का, किराण्याची उधारी अचानक थांबली का. मत दिल्याबद्दल किंवा न दिल्याबद्दल अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला मारहाण करणं किंवा त्यांच्यावर सामाजिक, आर्थिक बहिष्कार टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. अशी तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी, राज्य मानवी हक्क आयोगाकडेही द्यावी. तेव्हा ती वही कामी येते. निवडणुकीआधी त्या वस्तीत कसा निरोप फिरला होता, तो तारीख-वेळेसह तिच्यात लिहिलेला असतो.

डाव्या तर्जनीवरची शाई काही आठवड्यांत नखाबरोबर वाढून निघून जाते. ती जाईपर्यंत तरी जागल सोडू नये. त्या बोटाच्या माणसाला पूर्वीसारखं काम मिळतंय, पाणी मिळतंय, चावडीवर बसायला जागा मिळतेय, हे पाहून झालं की निवडणूक खरी संपली असं समजावं.